मृत्यूचे ठिकाण

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी कुणाच्या घरी मयत झालं म्हणून भेटायला गेले की दहा मिनिटांत मला स्वयंपाकघराच्या दाराशी बोलावणं येतं. बोलावणारा बहुधा घरचा जावई असतो. मुलं सुन्न बसलेली असतात, सुना चहात गुंतलेल्या असतात, आणि व्यवहाराचं भान एकट्या जावयाला असतं. तो कानाशी येऊन विचारतो, "मावशी, ते दाखल्याचं कसं करायचं?" मी विचारते, दवाखान्यातून मिळालेला कागद कुठे आहे? मग घरभर शोधाशोध सुरू होते. कागद कधी औषधांच्या पिशवीबरोबर घंटागाडीत गेलेला असतो, कधी एखाद्या काकांच्या शर्टाच्या खिशात असतो, आणि ते काका सकाळच्या एसटीने येवल्याला पोचलेलेही असतात. तेराव्याला बुंदीचे लाडू करायचे की जिलबी, यावर मात्र चार माणसांचं दोन दिवस बोलणं झालेलं असतं.

मी चिडते. नाशिकमध्ये महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या कार्यालयात मी एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अठरा मृत्यूच्या खिडकीवर. शेजारच्या जन्माच्या खिडकीवर लोक पेढे घेऊन यायचे. माझ्याकडे येणारा माणूस एक तर रडवेला असायचा नाही तर घाईत, आणि दोन्ही प्रकारची माणसं फॉर्म चुकीचाच भरायची. माझा आवाज मुळात मोठा. खिडकीच्या काचेला बोलण्यापुरतं भोक, त्यामुळे तो आणखी चढायचा. "मृत्यूच्या खिडकीवरची बाई खेकसते" असं लोक बाहेर म्हणायचे, ते मला आत ऐकू यायचं.

पण खेकसू नको तर काय करू? काम खरं तर सोपं आहे. माणूस दवाखान्यात गेला तर दवाखाना स्वतःच आम्हाला कळवतो. घरी गेला तर घरच्यांनी डॉक्टरांना बोलावून मृत्यूच्या कारणाचा कागद घ्यायचा, तो घेऊन स्मशानात जायचं, आणि एकवीस दिवसांच्या आत नोंद करायची. फॉर्मवर नाव, वय, पत्ता बरोबर आहे ना, हे सही करण्याआधी पाहायचं. दाखल्याच्या एकाच वेळी सात-आठ प्रती काढून ठेवायच्या, कारण पुढे प्रत्येक कार्यालयाला एक लागते आणि दिलेली परत मिळत नाही. एवढंच. पण घरात जाणती दहा माणसं असली तरी दहाही जणांना वाटतं की हे दुसऱ्या कुणीतरी केलं असेल.

आणि नोंद कुठे करायची? जिथे मृत्यू झाला तिथे. जिथे जन्मला तिथे नाही, जिथे राहत होता तिथे नाही, जिथे जाळला तिथेही नाही. नाशिकमध्ये बसून हे समजावताना माझं अर्धं आयुष्य गेलं, कारण इथे रामकुंड आहे. एकदा एक गृहस्थ तिथूनच थेट खिडकीशी आले. डोकं नुकतंच भादरलेलं, खांद्यावर ओलं उपरणं.

"वडिलांचा दाखला हवाय."

"वडील कुठे गेले?"

"देवाघरी."

"त्याच्या आधी कुठे होते?"

"लातूरला."

"मग दाखला लातूरला मिळेल."

गृहस्थ तापले. "अहो, अस्थी इथे सोडल्या, दहावा इथे केला, गुरुजींनी त्यांच्या वहीत आमच्या सात पिढ्यांच्या खाली नावसुद्धा लिहिलं! आणि तुम्ही म्हणता नोंद नाही?" मी त्यांना सांगितलं की गुरुजींची वही निराळी आणि माझं रजिस्टर निराळं. ते म्हणाले, गुरुजी निदान नीट बोलतात.

दुसऱ्या एका घराने तेराव्याला छत्री, काठी, चपला यांच्याबरोबर वडिलांचा मोबाइलही दान केला. का, तर त्यांचा त्याच्यात फार जीव होता! सिमकार्डासकट दिला. मग गॅस, लाइट, बँक, सगळ्यांचे ओटीपी गुरुजींच्या घरी वाजायला लागले. मुलगा मला विचारायला आला की यावर तुमच्याकडे काही फॉर्म आहे का. माझ्याकडे नव्हता. कुणाच्याही माणसाचा नंबर वर्षभर तरी बंद करू नका आणि फोन कुणाला देऊ नका, हे तेव्हापासून मी प्रत्येकाला न विचारता सांगते. लोक मान डोलावतात आणि जाऊन नंबर बंद करतात.

एकाने तर आई जिवंत असताना फॉर्म भरून आणला होता. तारखेची जागा तेवढी रिकामी. "नंतर धावपळ नको म्हणून," तो म्हणाला. मी त्याला भर रांगेत असं काही सुनावलं की रांगेतल्या बायकाही त्याला बोलायला लागल्या. चार दिवसांनी तो तारीख घालून परत आला. घरात तो आणि आई दोघंच होते, आणि आईच्या आजारपणात त्याची रजा संपत आली होती. त्याने हे मला पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर? पण मी विचारलंच कुठे होतं. मी तेव्हा माफी मागितली नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता जे सांगायचं आहे ते निवृत्तीच्या आदल्या वर्षीचं.

मार्च महिना होता. दोन भाऊ खिडकीशी आले. थोरला बाळासाहेब, दिंडोरीच्या पुढच्या एका गावात द्राक्षबाग करणारा, रापलेला, कमी बोलणारा. धाकटा सोमनाथ इथेच अंबडला एका कारखान्यात सुपरवायझर, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, बोलण्यात चटपटीत. त्यांचे वडील चार महिन्यांपूर्वी वारले होते. वडिलांना घरात सगळे अण्णा म्हणत. ते सरकारी खात्यात जीपचे ड्रायव्हर होते, त्यामुळे आता त्यांच्या पत्नीचं, म्हणजे या दोघांच्या आईचं, पेन्शन सुरू व्हायचं होतं. पण पेन्शनच्या कार्यालयाने फाइल परत पाठवली होती. फाइलला अण्णांचे दोन मृत्यू दाखले जोडलेले होते. एक थोरल्याने गावच्या ग्रामपंचायतीतून काढलेला, एक धाकट्याने आमच्याकडून. तारीख एकच. मृत्यूचे ठिकाण मात्र एकावर राहते घर, आणि दुसऱ्यावर नाशिकचा दवाखाना.

"तुमचे वडील दोनदा वारले का?" मी विचारलं. माझ्या खिडकीतलं ते नेहमीचं वाक्य होतं, दुबार नोंद दिसली की तोंडातून निघायचंच.

सोमनाथ हसला नाही. "मॅडम, नाशिकची नोंद कॅन्सल करा ना. गावची राहू द्या."

"का? गेले कुठे ते?"

"घरी," बाळासाहेब म्हणाला.

मी दवाखान्याकडून आलेला कागद काढला. डॉक्टरांची सही, शिक्का, वेळ दुपारी दोन वाजून दहा मिनिटे. मी तो काचेला लावून दाखवला. म्हटलं, हा डॉक्टर खोटं लिहितो का? तसं असेल तर तशी तक्रार लेखी द्या. आणि तो खरं लिहीत असेल तर गावात जाऊन खोटी नोंद कुणी दिली? रांगेत मागे सतरा माणसं. मी म्हटलं, खरी नोंद काढून खोटी ठेवायची सोय या कार्यालयात नाही, पुढचा माणूस येऊ द्या.

जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन जिन्याखालच्या बाकावर बसायचे. तिथे बाळासाहेब एकटाच आला आणि उभा राहिला. मी बस म्हटलं तरी बसेना.

"मॅडम, अण्णा दवाखान्यातच गेले," तो म्हणाला. "पण आईचं एकच म्हणणं व्हतं. आठ दिवस रोज फोनवर सांगायची, काय बी करा पण त्यांना जित्तं घरी आणा. माझ्या हातचं पाणी पिऊन जाऊ द्या. आम्ही त्या दिवशी सकाळीच डॉक्टरला म्हनलं व्हतं, सोडा, घरी नेतो. त्यांचे कागद व्हईपर्यंत दोन वाजले, आन् दोन वाजता अण्णा गेले. आता आईला काय सांगायचं?"

त्यांनी आईला सांगितलंच नाही. अँब्युलन्सवाल्याकडून ऑक्सिजनचा मास्क मागून घेतला आणि अण्णांच्या तोंडावर लावला. सलाइनची सुई तशीच राहू दिली. घरी फोन केला, श्वास चालू आहे, आणतोय. गाडी दारात थांबली तेव्हा आई तुळशीचं पान आणि गंगेचं पाणी घेऊन तयार होती. इथे गोदावरीला सगळे गंगाच म्हणतात. मास्क जरा बाजूला करून आईने चमच्याने पाणी पाजलं. बाळासाहेब म्हणाला, घेतलं गं आई, घेतलं. मग जरा वेळाने मास्क काढला आणि सांगितलं, गेले.

घरीच वारले म्हटल्यावर ग्रामसेवकाने तसं लिहिलं, त्यात त्याची चूक नाही. आणि दवाखाना आपणहून महापालिकेला कळवतो, हे गावात नोंद देताना या दोघांना ठाऊकच नव्हतं. लोकांना वाटतं, आपण सांगितल्याशिवाय सरकारला काही कळत नाही. पुढे दवाखान्याने सांगितलं म्हणून सोमनाथने आमच्याकडचा दाखला घेतला, आणि फाइलला दोन्ही लागले.

मी डबा झाकला. मला त्याची दया आली होती आणि रागही तेवढाच आला होता. आईशी खोटं बोलायचं तर बोला, तो तुमच्या घरातला प्रश्न, पण ते रजिस्टरात कशाला नेऊन लिहायचं? मी त्याला सांगितलं, गावची नोंद रद्द होईल. त्यासाठी ती देणाऱ्याचा, म्हणजे तुझा, आणि पेन्शन जिला मिळणार त्या आईचा जबाब लागेल. ती इथे येईल, माझ्यासमोर अंगठा देईल, मग कागद पुढे तालुक्याला जाईल.

"कागद द्या, मी घरून अंगठा घेऊन येतो."

"नाही."

"मॅडम, तिला कळंल ना!"

"नाही म्हणजे नाही."

याला कारण होतं. खूप वर्षांपूर्वी एक पुतण्या काकूचा अंगठा घरून घेऊन आला होता. मी नवी होते, घेतला. सहा महिन्यांनी काकू स्वतः आली. ज्या कागदावर तिचा अंगठा होता त्यात तिला मूलबाळ नसल्याचं लिहिलं होतं, आणि ती आपल्या मुलीचा हात धरून उभी होती. तेव्हापासून माझा नियम झाला. अंगठा माझ्यासमोर, आणि कागद मोठ्याने वाचून दाखवल्यावरच. साहेब बदलले, कॉम्प्युटर आले, नियम राहिला. मला त्याचा अभिमान होता आणि मी तो सगळ्यांना ऐकवायचे.

बाळासाहेब शेवटी म्हणाला, "मग निदान वाचू तरी नका. तेवढं करा."

त्याने हात जोडले. मी म्हटलं, बरं, नाही वाचणार. नियम केल्यापासून पहिल्यांदा.

पुढच्या सोमवारी ते आईला घेऊन आले. हिराबाई ठेंगण्या, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली द्राक्षं काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. मी त्यांना खिडकीबाहेरच्या रांगेतून आत बोलावून घेतलं होतं, खुर्ची दिली होती. म्हटलं, हे आम्हाला चालत नाही. "खा वो बाई, बागंतली हायती, इकत न्हाय आणली," त्या म्हणाल्या. बाळासाहेब त्यांच्या मागे उभा राहिला, सोमनाथ दाराशी.

मी कागद पुढे सरकवला, शाईचा पॅड उघडला आणि म्हटलं, "आजी, इथे डाव्या हाताचा अंगठा."

हिराबाईंनी हात पुढे केला नाही. "काय लिव्हलंय त्यात?"

"पेन्शनचंच आहे," बाळासाहेब घाईने म्हणाला.

"तुला नाय इचारलं." त्या माझ्याकडे पाहत होत्या. "वाचा की वो बाई. ह्यांनी मला शिकवून ठिवलंय. सरकारी कागुद वाचून दावल्याबिगर अंगठा द्यायचा नाय म्हणून. सायबांच्या जीपीत लय बघितलं व्हतं त्यांनी."

रोज मी ओरडून ओरडून लोकांना जे सांगत होते, ते ही बाई मला माझ्याच टेबलाशी सांगत होती. मी बाळासाहेबाकडे पाहिलं. तो डोळ्यांनीच नको म्हणत होता. कागदावर जे नाही ते वाचणं मला सहज जमलं असतं. "मृत्यू राहते घरी झाला" हे चार शब्द. त्यांना अक्षर येत नव्हतं आणि खोलीतलं कुणीही मला अडवणार नव्हतं. पण मग खाली जो अंगठा उमटला असता तो फसवून घेतलेला अंगठा झाला असता, आणि ज्या माणसाने हिला हे शिकवलं त्याच्याच कागदावर.

मी वाचलं. माझ्या आयुष्यात इतक्या हळू आवाजात मी कधी काही वाचलं नसेल. "माझे पती दिनांक अमुक रोजी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी नाशिक येथील दवाखान्यात मयत झाले. मृत्यू राहते घरी झाल्याची ग्रामपंचायतीतील नोंद चुकीची असून ती रद्द करण्यास माझी हरकत नाही."

खरं सांगते, वाचून होताच मला वाटलं, मी हे करायला नको होतं. आजही कधी वाटतं करायला नको होतं आणि कधी वाटतं दुसरं काही करता आलं नसतं. ते माझं अजून ठरलेलं नाही.

"दोन वाजता?" हिराबाई म्हणाल्या. "घरी आले तवा तर पाच वाजून गेले व्हते. गाया परतल्या व्हत्या."

वरचा पंखा कुरकुरत होता आणि बाहेर रांगेतलं कुणीतरी काच वाजवत होतं.

"म्हंजे पाणी नाय घेतलं त्यांनी." त्या हे स्वतःशीच म्हणाल्या. "गालावरनं खाली आलं. मला वाटलं, गिळायची ताकद ऱ्हायली नसंल."

मग त्यांनी स्वतःच पॅड ओढून घेतला. अंगठा दाबला, मी दाखवलेल्या जागी नीट उमटवला, आणि उमटला का म्हणून वाकून बघितलं. मला वाटलं, आता त्या मुलांना बोलतील. रडतील, कपाळावर हात मारून घेतील. मी इतक्या वर्षांत त्या खोलीत सगळं पाहिलं होतं. बाळासाहेबालाही तेच वाटत असणार, तो मान खाली घालून उभा होता.

हिराबाई खुर्चीतच मागे वळल्या. "गाडीत त्यांच्यापाशी कोण व्हतं?"

"मी," बाळासाहेब म्हणाला.

"आन् सोमा?"

"तो मोटरसायकलवर फुडं गेला व्हता. घरी सांगायला."

"म्हंजे तू यकटाच." त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. "नाशिकपून घरापस्तोर त्यांच्या तोंडावर ते धरून बसलास. ते थंड पडत व्हते आन् तू मला फोनवर सांगत व्हतास, चालू हाय, चालू हाय."

"आई, तुला वाईट वाटंल म्हणून…"

"लय भ्याला असशील रं," हिराबाई म्हणाल्या.

बाळासाहेब खाली बसला. माझ्या टेबलाशेजारी, फरशीवर, पन्नाशीचा बाप्या माणूस. नंतर सोमनाथ मला म्हणाला की अण्णांच्या चितेपाशी, दहाव्याला, तेराव्याला, कुठेच तो रडला नव्हता. सगळे म्हणत होते, थोरला खंबीर आहे. आता तो आईच्या गुडघ्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडत होता, आणि बाहेर काच वाजवणारा माणूस वाजवायचा थांबला होता.

हिराबाईंनी त्याचं तोंड वर केलं आणि दोन्ही हातांनी पुसलं. अंगठ्याची ओली जांभळी शाई त्याच्या गालावरून कानापर्यंत ओढली गेली. मायलेकांपैकी कुणाच्याच ते लक्षात आलं नाही. शाई पुसायचं फडकं माझ्या हाताशी होतं. मी ते पुढे केलं नाही.